खिदमतीची पारख

आई-वडिलांना ‘उफ’ म्हणण्याचीही मनाई असलेला आपला समाज आज त्यांच्या खिदमतीसाठी पगारी माणूस ठेवू लागला आहे. त्यात गैर काही नाही. मुलगा कुवेतला, सून मुंब्र्यात शिक्षिका, मुली आपापल्या घरी. अंथरुणाला खिळलेल्या अम्मीची कूस बदलायला कुणीतरी हवेच. हाताचे काम दुसऱ्याकडून करवून घेतल्याने मुलाचा फर्ज बुडतो, असे मी मानत नाही. प्रश्न वेगळा आहे. ही सेवा चांगली होते आहे की नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे?

ब्युरोकडून आया आली की आपण तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतो, पोलीस पडताळणीचे विचारतो आणि कपाटाला कुलूप लावतो. महिन्याभराने सांगतो, “बाई इमानदार आहे.” म्हणजे काय, तर दागिने जागेवर आहेत. अम्मीच्या सुरक्षिततेचा या चौकशीत पत्ताच नाही. कशालाही हात न लावणारी बाई अम्मीला आडवी ठेवूनच पेज भरवत असेल, तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर माकडहाडावर, टाचांवर कातडी लाल होते. बोटाने दाबूनही ती लाली जात नसेल, तर ती पाठीच्या जखमेची सुरुवात समजावी. चादर मात्र स्वच्छ असते. भेटायला आलेले पाहुणे चादर पाहतात आणि तारीफ करून जातात. झोपेच्या गोळ्यांची पाकिटे कुणी मोजत नाही. म्हातारी शांत पडून असते, यातच सगळ्यांना समाधान.

कायद्याकडून फार आशा नाही. 2007 च्या कायद्याने मुलांकडून पोटगी मागण्याचा हक्क आई-वडिलांना दिला. घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, त्यांना किमान दर्जा पाळावा लागावा, अशी तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आले, पण 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तोवर ते मंजूर झाले नव्हते. परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, ती तपासता येते. आयाच्या बाबतीत ‘प्रशिक्षित’ या शब्दाचा अर्थ ब्युरो सांगेल तो.

मग परदेशातला मुलगा खोलीत कॅमेरा बसवतो. त्याची काळजी खरी आहे. पण जिने आयुष्यभर परक्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिचे डायपर बदलताना आखातातल्या मोबाईलवर दिसावे, याला तिची परवानगी कुणी घेतली? दाराकडे, औषधांच्या टेबलाकडे कॅमेरा असू द्या, पलंगाकडे नको.

आयाचाही हक्क आहे. ‘चोवीस तासांची ड्युटी’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईच्या हातून सकाळी इन्सुलिनचे माप चुकले, तर गुन्हा एकट्या तिचा कसा? जड देह एकटीने उचलून तिची कंबर जाते. एखाद्या घरात आजोबांचा हात आवरत नाही आणि घरचे ‘वय झालंय’ म्हणून हसण्यावारी नेतात. तिला झोप, सुट्टी आणि तक्रार करायला जागा नसेल, तर तिच्या हाती सोपवलेली अम्मीही सुरक्षित नाही.

आणि अम्मीला विचारतो कोण? व्हिडिओ कॉलवर फोन आयाच्याच हातात असतो. “कशी आहेस?” या प्रश्नावर ती “बरी आहे” म्हणते, कारण पुढची सगळी रात्र तिला त्याच हातांवर काढायची असते. आठवड्यातून एकदा बहिणीने, भाचीने, शेजारच्या खालाने यावे, आयाला तासभर बाहेर पाठवावे, दार लोटून घ्यावे, पाठ आणि टाचा पाहाव्यात. अम्मीला बोलता येत नसेल, तर आया खोलीत परत येते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहावे.