सर्प पाळावा काय?

साप पाळावा काय, आणि पाळलाच तर घरात त्याची वीण वाढवावी काय, हा प्रश्न पूर्वी कोणी फडावर काढला असता तर मंडळींनी तो हसण्यावारी नेला असता. आता तसे करून भागणार नाही. परदेशी जातीचे साप पेटीत पाळण्याची हौस शहरांतून आली आहे, आणि मोबाईलवर त्यांची चित्रे पाहून खेड्यातल्या पोरांनाही तिचा नाद लागतो. तेव्हा दृष्टांतापुरते अकोल्याकडचे एक माळकरी घर आपण डोळ्यांपुढे आणू. मुलगा कॉलेजात शिकणारा, निर्व्यसनी, एकादशी न चुकविणारा. त्याला आफ्रिकेतल्या अजगराची जोडी आणून मागच्या खोलीत पैदास करावयाची आहे. आजी म्हणते, "सापाले कोन पोसते बाप्पा!" बाप चिडतो. मुलगा शांतपणे विचारतो, "बाबा, तुमीच सांगता ना, साऱ्या जीवात देव हाये म्हनून? मंग म्या सापाले जीव लावला त काय बिघडलं?"

सज्जनहो, या पोराचे बोलणे धुडकावून लावण्यासारखे नाही. आपल्या वऱ्हाडाची जमीन काळी, उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, आणि पाऊस लागला की भेगांतले सारे बाहेर येते. पऱ्हाटीत वाकून निंदणाऱ्या बायांना नाग, मण्यार, घोणस काय चीज आहे हे सांगावे लागत नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा जाणत्यांचा अंदाज आहे. म्हणजे सालीना अठ्ठावन्न हजार. एवढे भय डोक्यावर असता साप दिसताच काठी उगारली जाते, यात नवल नाही. त्या भयाच्या घरात वाढलेला पोरगा सापाकडे मायेने पाहू लागला, ही गोष्ट लहान नव्हे. निम्मी वाट तर तो आपल्या पुढे चालून गेला.

आणि आपण भक्त म्हणविणाऱ्यांनी सापाशी काय केले तेही पाहावे. नागपंचमीला दारात येणाऱ्या टोपलीतला नाग दात उपटलेला, कित्येक दिवस उपाशी आणि तहानेला ठेवलेला असतो, म्हणून तो पुढे केलेले दूध तोंडी लावतो. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. पुष्कळदा ते त्याच्या फुफ्फुसात जाऊन तो मरतो, आणि आपण पुण्य झाले म्हणून वाटी घासावयास घेतो! सांगलीकडे बत्तीस शिराळ्यास जिवंत नागांची मिरवणूक निघे, तिच्यावर 2002 साली उच्च न्यायालयास निर्बंध घालावे लागले. मांडुळाची कथा तर याहून वाईट. ते बिचारे गरीब, बिनविषारी, जमिनीत राहून उंदीर-घुशींवर जगणारे. शेपटी बोथट म्हणून लोकांनी त्याला दोन तोंडे दिली, आणि दोन तोंडे आहेत म्हणून गुप्तधन दाखविते अशी कंडी पिकविली. मांडुळ विकावयास निघालेली माणसे पकडली गेल्याच्या बातम्या आपल्या विदर्भातही वरचेवर येतात. देवाच्या नावावर मुक्या जनावराचा बळी देणाऱ्यांना गाडगेबाबा कीर्तनात कसे धारेवर धरीत, हे अमरावती जिल्ह्याला सांगणे नको.

तेव्हा पोराला दटावण्याचा अधिकार आपल्याला थोडाच. पण प्रश्न अधिकाराचा नाही, खऱ्याखोट्याचा आहे. त्याला जे करावयाचे आहे ते नीट समजून घेऊ.

नव्या माणसाने आरंभ करावा म्हणून जो साप सुचविला जातो तो बहुधा पश्चिम आफ्रिकेतला घाना, टोगो, बेनिन या मुलखातला लहान अजगर. लांबी तीन ते पाच फूट, स्वभावाने भित्रा. भ्याला की डोके आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो. त्याची पेटी एका अंगाला ऊबदार व दुसऱ्या अंगाला थंड ठेवावी लागते. आपल्या अकोल्याचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातो आणि वीज तर नेमकी तेव्हाच जाते, हा विचार आधी करावा. मादी साधारण तीन वर्षांची झाली म्हणजे नराजवळ सोडतात. ती पाच-सहा, कधी दहापर्यंत अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. इथे पाळणारा हात घालतो. वेटोळे सोडवून अंडी काढून घेतो आणि यंत्राच्या पेटीत सुमारे दोन महिने उबवतो. कारण असे की, अंड्यांवर बसलेली मादी अन्न घेत नाही. अंडी लवकर काढली तर ती लवकर खाऊ लागते, आणि पुढल्या हंगामाला पुन्हा तयार होते.

आम्ही या ठिकाणी थबकतो. आपल्या मेळघाटात मोठा अजगर आहे. त्याची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालते आणि हवा गार झाली की सारे अंग आखडून-सोडून थरथरते. त्या थरथरण्याने ऊब निर्माण करून अंड्यांना देते. सापाचे रक्त थंड, स्वतःची ऊब त्याला नाही, असे आपण शाळेत शिकलो. आणि ही आई पोटात अन्न नसताना अंग झिजवून ती ऊब पैदा करते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात याची मोजमापे घेतली गेली आणि 1966 साली ती प्रसिद्ध झाली. आफ्रिकेतली लहान मादी अशी थरथरत नसली तरी उपाशी राहून बसते तीही. पोराने सापावर जीव लावला हे खरे; पण ज्या जिवाला त्या अंड्यांची ओढ आहे त्याच्याच वेटोळ्यातून ती ओढून घ्यावयाची, याला जीव लावणे म्हणावे काय?

मुलगा यावर उत्तर देईल, आणि ते ठोकून देण्याजोगे असेल. तो म्हणेल, "वासराले बांधून तुमी गाईचं दूध काढता. बैलाच्या नाकात वेसन घालता. देवळाच्या ओसरीवर पिंजऱ्यात पोपट टांगता. अन् पाप लागते ते माह्या सापालेच?" पोपटाबद्दल तो बरोबर आहे. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे कायद्यानेही गुन्हा आहे, आणि त्याला देवाचे नाव शिकविले म्हणून तुरुंगाचे देऊळ होत नाही. वासराच्या वाट्याचे दूध काढणाराही दोषी आहे. त्यात आम्ही कोणाची बाजू घेणार नाही. परंतु गाई-बैलांचा आणि माणसाचा हजारो वर्षांचा शेजार आहे. संध्याकाळी बैल मोकळा सोडा, तो आपल्या पायांनी गोठ्यात येतो. धन्याची हाक ओळखतो, पोळ्याला खांद्यावर तूप-हळद चोळली की मान पुढे करतो. सापाच्या पेटीचे झाकण एक रात्र उघडे ठेवून पाहावे. तो परत येणार नाही. हातात घेतला असता तो स्वस्थ राहतो, त्याला आपण प्रेम समजतो. तो फार तर माणसाला सोसत असतो. या मायेला दुसरे टोकच नाही.

आता अन्नाचे. साप उंदीर खातो. रानात धामणीने वावरातला उंदीर धरला तर तो तिचा धर्म. तिला पाप नाही आणि आपल्याला पीक वाचल्याचा लाभ. मागच्या खोलीत मात्र दोघांमध्ये तिसरा येतो. उंदीर कोणी पैदा करावयाचे? कोणी मारावयाचे? जोडीची पिल्ले झाली की खाणारी तोंडे दहा होतात, आणि उंदरांचीही वीण घरातच वाढवावी लागते किंवा मारून गोठविलेले उंदीर विकत आणावे लागतात. गळ्यात माळ घालून मांसाहार सोडलेल्या घरात, एका जिवाच्या लाडासाठी दुसऱ्या जिवाची पैदास मारण्याकरिता करावयाची! साप निर्दोष, उंदीर निर्दोष. हिशेब तिसऱ्याच्या नावावर चढतो.

पुढे रंगांचा बाजार आहे. साध्या तपकिरी अजगराला भाव कमी. पांढरा, पिवळा, जाळीदार नक्षीचा निघाला तर भाव मोठा. म्हणून नाती जुळवून रंग काढतात. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला एक प्रकार निघाला. दिसावयास सुंदर, पण जी वाण ती नक्षी देते तीच डोके डुलण्याची व्याधीही देते. काही पिलांना धड नेम धरून भक्ष्य पकडता येत नाही, काही तर उलटी होऊन पडतात. हे ठाऊक असूनही त्यांची वीण घेतली गेली, कारण गिऱ्हाईक होते. वेदांती दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टांत देतात. इथे उलटा प्रकार घडला: खराखुरा साप समोर असून माणसाला तो रंगीत दोरी वाटू लागला.

आयुष्याचाही विचार करावा. हा साप वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात साठी उलटलेल्या मादीने 2020 साली अंडी घातली! विशीतल्या पोराने आरंभलेली हौस त्याच्या पन्नाशीपर्यंत पुरेल. नोकरी लागली, लग्न झाले, सून म्हणाली की घरात साप नको, तर मग काय? तिकडे फ्लोरिडात लोकांनी पाळलेले ब्रह्मदेशी अजगर दलदलीत सोडून दिले. त्यांची तिथे इतकी प्रजा झाली की ससे, रकून असले प्राणी पुष्कळ भागांतून दिसेनासे झाले.

कायद्याचे दोन शब्द. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी साप पकडणे, पाळणे, विकणे मना आहे, मग तो नाग असो की मांडुळ. त्याच कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची सरकारात नोंद करावी लागते, आणि पिल्ले झाली तर तीही कळवावी लागतात. तेव्हा परदेशी अजगर पाळणे रीतसर होऊ शकते, हे आम्ही लपवीत नाही. पण कायद्याने मोकळे आणि मनाने मोकळे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग पोराने हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. तामिळनाडूत महाबलीपुरमजवळ इरुळा लोकांची 1978 पासून सहकारी संस्था आहे. पिढ्यान्‌पिढ्या साप धरणारी ही माणसे परवान्याने नाग, मण्यार, घोणस, फुरसे आणतात, तीन-चार आठवडे ठेवतात, विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून झालेली लस आपल्या इथल्या दवाखान्यांतही माणसे वाचविते. साप तिथेही माणसाच्या हातात येतो, पण उसना म्हणून, परतीच्या बोलीवर. आमच्या मते ज्या पोराचा सापावर जीव आहे त्याने ही परतीची बोली आधी शिकावी. वनखात्याकडे जावे, जाणत्या सर्पमित्राच्या हाताखाली दोन पावसाळे काढावे. गावात कोणाला दंश झाला तर मांत्रिकाकडे न नेता लस असलेल्या दवाखान्यात नेण्याचे काम अंगावर घ्यावे. एवढ्यात पुष्कळ वेळ जातो.

आणि अंडी उबवण्याची हौसच असेल तर ती संधीही येते. पावसाच्या तोंडावर जुने घर पाडताना, कुटाराचा ढीग उपसताना किंवा धुऱ्यावरचे बीळ खणले जाताना सापाची अंडी उघडी पडतात, आणि आई परत येण्याजोगी जागा उरत नाही. अशा वेळी वनखात्याला कळवून सर्पमित्र ती उबवतात. अंडे जसे सापडले तसेच उचलावे, वरची बाजू वरच ठेवावी. कोंबडीच्या अंड्यासारखे फिरवले तर आतला जीव गुदमरतो. ओलसर माती घालावी, पण पाणी साचू देऊ नये. दीड-दोन महिन्यांत कवचाला चीर पडून नाकपुडी दिसते. नागाचे पिल्लू असेल तर त्याला जन्मतःच विष असते, म्हणून हात लांब ठेवावा. बाहेर आलेली पिल्ले वनखात्याच्या माणसासमक्ष, वस्तीपासून दूर, पाणी आणि झुडूप असलेल्या जागी सोडावीत, आणि ती कोणत्या बाजूला गेली हे पाहत उभे राहू नये.