तीन नंबर

सोलापूर रस्त्याने जाणाऱ्याला कासुर्डी माहीत असते ती जुन्या टोलनाक्यामुळे. उरुळी कांचन मागे पडलं की यवत यायच्या आत हा फाटा लागतो. गाव, ऊस, गुऱ्हाळाचा धूर हे सगळं रस्ता सोडून आत. पुढची गोष्ट मनची आहे, तिच्यातली माणसं शोधायला जाऊ नका. ठिपक्यांचं गणित तेवढं खरं आहे.

याच गावातल्या नानांची नात पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, यवत स्टेशनावरून रोज जाऊन-येऊन. जानेवारीत तिने एनपीटीईएलचा डिजिटल इमेज प्रोसेसिंगचा कोर्स लावला. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून २००३ साली ऑनलाइन शिकण्याची ही सोय सुरू केली. शिकायला पैसे पडत नाहीत. सर्टिफिकेट पाहिजे असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. शिकवायला आयआयटी खरगपूरचे प्रा. पी. के. बिस्वास. बारा आठवडे, आणि असाइनमेंटचा तगादा वेगळा. पडवीतल्या देवळीत फोन टेकवला की रेंज बरी येते, म्हणून पोरगी रात्री जेवणं उरकल्यावर तिथंच बसायची.

पहिल्या काही आठवड्यांत तिला कळलं ते एवढंच, की फोटो म्हणजे आकड्यांचं शेत. काळ्या-पांढऱ्या फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. मग आला मीडियन फिल्टर. एक ठिपका घ्यायचा, भोवतालचे आठ घ्यायचे, नऊ आकडे लहान-मोठे लावायचे आणि मधला आकडा त्या जागी ठेवायचा. असं सगळ्या फोटोभर करत जायचं. मीठ-मिरी उधळल्यासारखे डाग यानं झटक्यात जातात.

आजीच्या लग्नाचा फोटो भिंतीवर होता, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला. पोरीने मोबाइलने त्याचा फोटो काढला, फिल्टर फिरवला, यवतच्या स्टुडिओतून छापून आणला. घर हरखून गेलं. आजीने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"माझ्या नथीचा मोती कुठं गेला?"

खरंच गेला होता. फोटोत तो एवढासा पांढरा ठिपका, आणि फिल्टरला डाग काय, मोती काय, सारखेच. सगळे हसले. पोरगीही हसली. पण गल्लीत बातमी पसरली ती फोटो साफ झाल्याची. मोत्याची गोष्ट घरातच राहिली.

फेब्रुवारीत नानांच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटार गेली, केबलसकट. मोटारीच्या आतलं तांबं विकलं जातं, हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण नानांच्या गोठ्यावर कॅमेरा होता. दौंड-शिरूरच्या उसात बिबट्या मुक्कामाला आला तेव्हापासून गोठ्यावर कॅमेरे लागायला लागले. नानांनी कालवड गेल्यावर बसवला. त्यात बिबट्या कधी दिसला नाही, पण त्या रात्री पावणेतीनला रस्त्याने गेलेली मोटारसायकल दिसली. मागे बसलेल्याच्या मांडीवर पोतं. नंबरप्लेटच्या जागी करडा चौकोन.

"टोलवर कॅमेरा नंबर वाचतोय. आपला का नाही वाचणार?" नाना म्हणाले. "तू आजीचा फोटो साफ केलास, ही एवढी पाटी साफ कर."

तिने फिल्टर लावून पाहिले. चौकोन गुळगुळीत झाला, वाचता येईना. अंगणात चुलते, चुलतभाऊ, शेजारचे दोघं वाट पाहत बसलेले. मग तिने फोटो 'एचडी' करून देणारं एक एआय उघडलं आणि व्हिडिओतली एक फ्रेम त्यात टाकली. नंबर आला, शेवटी ८८. दुसरी फ्रेम टाकली: ३८. तिसरी टाकली: ६६. काळी अक्षरं, पांढरी पाटी, कडा अशा धारदार की आत्ताच रंगवून आणली असावी.

६६ नंबरची गाडी अंगणातल्या सगळ्यांना माहीत होती. नानांच्या जुन्या सालगड्याचा पोरगा. दिवाळीत उचलीच्या पैशावरून नानांशी त्याची बाचाबाची झालेली, आणि आता तो गावच्या गुऱ्हाळावर जाळ घालणारा जळव्या होता. पोरीने तिसरा फोटो पुढे केला. पहिल्या दोनांबद्दल ती बोलली नाही. कुणी विचारलंही नाही.

नाना पोलिसांत गेले नाहीत. "पोराचं आयुष्य बरबाद होईल" असं म्हणाले, आणि स्वतःला मोठ्या मनाचे समजले. त्याऐवजी गुऱ्हाळवाल्याला फोटो दाखवला. संध्याकाळी पोरगा कामावरून गेला. अशा दयेने माणूस जास्त मरतो. पोलिसांनी निदान त्या रात्री तो कुठं होता एवढं तरी विचारलं असतं.

कोर्स पुढे सरकत राहिला. बिघडलेली प्रतिमा पूर्ववत कशी करायची, हा भाग आला. चित्र कसं बिघडलं ते ठाऊक असेल तर उलट हिशेब करत काही अंतर मागे जाता येतं. पण एकाच धूसर चित्रामागे मूळ चित्रं असंख्य असू शकतात, आणि त्यांतलं खरं कुठलं हे धूसर चित्र सांगू शकत नाही. पोरीने व्हिडिओ थांबवला आणि वहीत आकडे मांडले. गोठ्यापासून रस्ता वीसेक मीटर. कॅमेऱ्याला तिथं जवळपास ३५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो आणि आडवे ठिपके १९२०. म्हणजे मीटरला ५५. दुचाकीची मागची पाटी २० सेंटीमीटर रुंद, १० उंच. तिच्या वाट्याला ११ ठिपके आडवे, पाच-सहा उभे. साठेक ठिपक्यांत दहा अक्षर-आकडे, एकेकाला सहा ठिपके. सहा ठिपक्यांत ३, ६ आणि ८ वेगळे कसे काढणार? टोलवरचा कॅमेरा एकाच लेनवर, गाडी हाकेच्या अंतरावर येईल तेव्हा डोळा रोखून असतो. तिथं तीच पाटी नुसती आडवीच शंभरावर ठिपक्यांची होते.

वर चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरची काटकसर. मूळच्या बंगळूरच्या नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली एक गणित छापलं, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला फारशी जाणवत नाही ती बारीक माहिती सोडून द्यायची. जेपीजी फोटो त्यावरच उभा आहे, आणि व्हिडिओ आवळण्याच्या पद्धती त्याचीच भावंडं. म्हणून तर महिनाभराचं चित्रण एका डिस्कवर मावतं. पाटीवरचे आकडे हीसुद्धा बारीक माहितीच. ती रात्रीच टाकून दिलेली होती.

मग एआयने नंबर आणला कुठून? हजारो पाट्या पाहून पाटी कशी दिसते ते त्याला पाठ झालेलं असतं, त्यातली बसेल ती तो रंगवतो. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका प्रोग्रॅमला लोकांनी बराक ओबामांचा धूसर केलेला फोटो दिला, तर त्यातून एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ चेहरा निघाला. हे वाचून तिला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर ती म्हणाली, "नाना, तुमची गाडी रस्त्यावर घ्या. त्याच जागी. चालवत न्या."

"आता काय गं?"

"घ्या तर खरं."

नानांनी गाडी नेली, आणली. तिने चित्रणातली एक फ्रेम काढली, त्याच एआयमध्ये टाकली आणि फोन त्यांच्या हातात दिला. नानांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"ही कुणाची गाडी?"

"तुमची."

"माझा नंबर हा नाही."

"पण स्पष्ट आहे ना, नाना?"

नाना ओट्यावर बसले. गोठ्यात म्हशीने शेपटी आपटली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे गुळात साखर टाकल्यागत."

पोरीला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. उसाच्या रसाला उकळी आली की भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. त्याने रस निवळतो, पण जे रसात होतं तेच राहतं. साखर ओतली की ढेप पिवळीधमक होते, गिऱ्हाईक भुलतं, आणि उसाचं त्यात किती हे कुणी विचारत नाही. दौंड तालुक्यात राहून नानांना हे शिकवायला आयआयटी लागत नव्हती.

पोरगा आता केडगावकडच्या एका गुऱ्हाळावर होता. दोघं गाडीवरून गेले. तो चुलवणापुढे उकिडवा बसून चिपाडं आत सारत होता. तोंड लाल, भुवया राखेने पांढऱ्या. नाना उभेच राहिले.

"तो नंबर तुझा नव्हता. मशीननं मनचा काढला होता."

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "माझी गाडी त्या दिशी यवतला गॅरेजात व्हती. कुनी इचारलंच न्हाई."

नानांनी खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या. बुडालेल्या रोजाच्या. त्याने त्या घेतल्या, मोजल्या, खिशात घातल्या. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. मग पोरीकडे वळला.

"ताई, मशीननं एकच फोटू काढला व्हता?"

ती 'हो' म्हणू शकली असती. नानाही तेच समजून होते. तिने फोन उघडला आणि तिन्ही फोटो एकापुढे एक दाखवले. ८८. ३८. ६६. नाना खांद्यावरून वाकून पाहायला लागले, पहिल्यांदाच.

त्याने हात पायजम्याला पुसले आणि एका बोटाने फोटो मागे-पुढे सरकवले.

"ह्या दोन गाड्या कुनाच्या?"

"माहीत नाही."

"ह्यांच्या घरी गेलाव का, नाना?"

आतून गुळव्याने हाक मारली. काहिलीखालचा जाळ उतरला होता. तो उठून चिपाडांच्या ढिगाकडे गेला. फोन पोरीच्या हातात तसाच राहिला, पडद्यावर पहिला नंबर, अगदी स्वच्छ.