शाळुंकेतलं पाणी

सकाळी पिंडीवर पाणी घालताना मला हल्ली हमखास व्हिएतनाम आठवतं. तिथे होई आन गावापासून चाळीसेक किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात ‘मी-सन’ आहे. चंपा राज्याच्या भद्रवर्मा राजाने चौथ्या शतकात इथे भद्रेश्वराची स्थापना केली. ते पहिलं देऊळ जळलं. सातव्या शतकात शंभुवर्म्याने ते पुन्हा बांधलं आणि देवाच्या नावाला स्वतःचं नाव जोडलं, शंभुभद्रेश्वर. पुढे कित्येक शतकं इथे विटांची देवळं उभी राहत गेली.

मी पोचले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. एका पडक्या गाभाऱ्याला छप्पर नव्हतं, पिंडही नव्हती, नुसती दगडी शाळुंका होती. तिच्यात पावसाचं पाणी साचलेलं आणि त्यावर एक पिवळं पान तरंगत होतं. शेजारी सत्तरीच्या एक बाई वाकून बघत होत्या. पोलंडच्या, लुब्लिन शहरातल्या. “हे कशाचं?” त्यांनी विचारलं.

मला येत होतं तेवढं मी सांगितलं. वरून अभिषेकाचं पाणी पडतं, या पन्हळीतून बाहेर जातं, आमच्याकडे तिचं तोंड बहुधा उत्तरेला असतं आणि ती ओलांडायची नसते. म्हणून आम्ही शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालतो. बाईंचा एक पाय पन्हळीच्या पुढे पडला होता. त्यांनी तो अलगद मागे घेतला. त्यांना कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. मला एकदम भरून आलं.

मग त्या बोलू लागल्या. विटांच्या सांध्यावर बोट रोखून म्हणाल्या, बघ, नखसुद्धा शिरणार नाही. इथलं सर्वांत उंच देऊळ 1969च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात कोसळलं. त्यानंतर 1980च्या दशकात त्यांच्याच गावचे वास्तुविशारद काझिमिएश क्वियात्कोव्स्की इथे आले. रानात न फुटलेले सुरुंग होते, तरी ते एकेक भिंत सावरत राहिले. 1997 साली व्हिएतनाममध्येच, ह्वे शहरात, त्यांनी देह ठेवला. बाई खास त्यांचं काम बघायला इतक्या लांब आल्या होत्या. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची माणसंही 2017 ते 2022 इथे राबली, 2020मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले.

गवताने भरलेल्या एका गोल खड्ड्याच्या काठावर बसून आम्ही माझ्याकडचे राजगिऱ्याचे लाडू खाल्ले. तो खड्डा बॉम्बचा होता, हे उठताना कळलं.

नांदतं देऊळ असतं तर आमची ओळख झाली असती का, असा विचार मनात येतो. तिथे पुजारी असतो, घंटा असते, सगळं जागच्या जागी असतं. आपण दर्शन घेतो आणि रांगेतून पुढे सरकतो. इथे अर्धं काही उरलंच नव्हतं, म्हणून शेजारच्या माणसाला विचारावं लागलं. मला पाण्याची वाट ठाऊक होती, त्यांना विटांची. परमुलखातल्या बाईशी इतक्या मोकळेपणाने मी कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी होई आनला आम्ही क्वियात्कोव्स्कींच्या स्मारकापाशी गेलो. गावकरी त्यांना काझिक म्हणत. दगडावर दिवसभराची धूळ होती. बाईंनी रुमाल भिजवून ती हळूहळू पुसली, बाटलीतलं उरलेलं पाणी वरून ओतलं आणि ते कुठे वाहत जातंय ते बघत मला विचारलं, “उत्तर कुठल्या बाजूला?”