समान वाटणी व न्यायाची वाटणी

शिक्षणासाठी आपले खेडे सोडून बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर किंवा शेगाव येथे जाऊन राहणारी मुलेमुली आपल्या मंडळ्यांत आता पुष्कळ आहेत. पूर्वी मिशनच्या बोर्डिंगात राहणाऱ्या मुलांस कंदिलाच्या तेलाचा हिशेब ठाऊक नसे. तो सर्व अधीक्षकांच्या वहीत असे. हल्ली तिघेचौघे मिळून एक बिऱ्हाड भाड्याने घेतात, आणि महिनाअखेर महावितरणचे बिल, गॅसची टाकी व उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ह्यांचे पैसे आपसांत वाटून घेतात. ही वाटणी कशी केली असता न्यायाची होईल, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

कोणी म्हणेल की, इतक्या क्षुल्लक गोष्टीस धर्माच्या पत्रात जागा कशाला? परंतु प्रेषितांच्या काळी यरुशलेमच्या मंडळीत पहिली कुरकुर झाली ती रोजच्या अन्नाच्या वाटणीवरूनच. काही विधवांकडे दुर्लक्ष होते, असे गाऱ्हाणे आले. प्रेषितांनी ते क्षुल्लक म्हणून झिडकारले नाही. त्यांनी त्या कामावर सात विश्वासू माणसे नेमविली. ज्या घरी शेतमजुरीच्या पैशातून मुलाचा खर्च पाठविला जातो, त्या घरी शंभर रुपये क्षुल्लक नव्हेत. शिवाय, अशा बिऱ्हाडात हिंदू, बौद्ध, मुसलमान सोबती असतात. आपला मुलगा उपासनेस जातो की नाही हे ते एकवेळ पाहणार नाहीत. पैशाच्या बाबतीत तो कसा वागतो हे मात्र अवश्य पाहतील.

बहुतेक मुले बिलाचे सारखे भाग करतात. ही रीत सोपी आहे, आणि जेथे सर्वांचा वापर साधारण सारखा असतो तेथे ती पुरेशीही आहे. परंतु वापर सारखा नसला म्हणजे काय? आपल्या गावी सामाईक विहिरीवर दोघा भावांची एकच मोटार असते. एकाने चार एकर भिजविले व दुसऱ्याने एक, तर बिल निम्मे-निम्मे करावे असे कोणताही पंच म्हणणार नाही. जो न्याय शेतात आपण जाणतो, तो शहरातल्या खोलीत विसरण्याचे कारण नाही.

प्रथम विजेचे बिल नीट वाचावे. त्यात स्थिर आकार असतो. तो दिवा लावा अगर न लावा, द्यावाच लागतो. बाकीचा आकार जळलेल्या युनिटांप्रमाणे असतो. घरगुती ग्राहकास पहिली १०० युनिटे स्वस्त पडतात; १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटांस वीज आकाराचा दर दुपटीहून अधिक असतो. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले म्हणजे एक युनिट होते. ह्या मापाने पाहता, मोबाईलच्या चार्जिंगास महिन्याला जेमतेम एखादे युनिट लागते. पण पाणी तापविण्याची १५०० वॅटची रॉड रोज वीस मिनिटे लावली तर महिन्यात १५ युनिटे जातात. २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर ६०. मुले दिव्यावरून भांडतात आणि रॉडकडे पाहत नाहीत, हे अज्ञानाचे भांडण होय.

आता एक उदाहरण घेऊ. हिशेबाच्या सोयीसाठी दर ठोकळ धरू: पहिली १०० युनिटे पाच रुपयांनी, पुढली दहा रुपयांनी, आणि स्थिर आकार वगैरे १४० रुपये. चौघांच्या बिऱ्हाडात १६० युनिटे जळली. पैकी ६० एकट्याच्या खोलीतील कूलरची. बिल झाले १२४० रुपये. सारखे भाग केले तर प्रत्येकी ३१०. सर्व युनिटांस सरासरी दर लावला तर कूलरवाल्यास सुमारे ६१९ व इतरांस सुमारे २०७. आणि महाग युनिटे कूलरमुळेच झाली असे धरले, तर त्यास ७६० व इतरांस १६०.

पहिली वाटणी उघड अन्यायाची आहे. कारण जे उकाड्यात झोपले त्यांनीच दुसऱ्याच्या गार वाऱ्याचे पैसे भरले. राहिलेल्या दोहोंत मात्र दोन्ही बाजूंस काही तथ्य आहे. कूलरवाला म्हणेल, 'युनिटावर पहिले-शेवटचे असा शिक्का नसतो.' इतर म्हणतील, 'तुझा कूलर नसता तर आमचे बिल १६० च आले असते.' आमच्या मते इतरांचे म्हणणे अधिक सबळ आहे. तथापि ह्यांपैकी कोणतीही रीत चौघांनी उन्हाळा लागण्यापूर्वी कबूल केली असेल तर ती खोटी म्हणता येणार नाही. खोटी ती, जी बिल आल्यावर आपल्या सोयीने शोधून काढली जाते. आणि कूलर एकाने आणला पण वारा चौघे घेतात, असे असेल तर त्याची वीज चौघांनीच भरावी.

येथे कोणी द्राक्षमळ्याचा दाखला पुढे करतात. उशिरा आलेल्यासही धन्याने सारखीच मजुरी दिली. मग तुम्ही युनिटे का मोजता, असे ते विचारतात. परंतु त्या धन्याने औदार्य केले ते स्वतःच्या पैशातून. दुसऱ्याच्या खिशातून उदार होण्याची परवानगी त्या दृष्टांतात कोणासही दिलेली नाही. अधिक वापरणाऱ्याने 'आपण भाऊ ना?' असे म्हणून सारखी वाटणी मागणे ही प्रीती नव्हे. ते प्रीतीचे नाव घेऊन केलेले कर्ज होय, जे फेडण्याचा बेत नसतो.

तर मग सर्व काही मोजमापावरच सोडावे काय? तसेही नाही. गलतीकरांस लिहिताना पौलाने एकाच अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले, आणि प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असेही सांगितले. ह्या दोन आज्ञांत विरोध नाही. स्वतःसाठी आपण पहिली आज्ञा मागू नये, आणि दुसऱ्यास दुसरी ऐकवू नये. म्हणजे असे की, माझ्या वापराचा भार मी न सांगता उचलावा. आणि ज्या सोबत्यास दमा आहे म्हणून वाफाऱ्याचे पाणी तापवावे लागते, किंवा ज्याच्या घरी यंदा सोयाबीन बुडाले, त्याचे ओझे आम्ही थोडे वाहावे. परंतु न्याय आधी ठरला असेल तरच हे दान दान ठरते. हिशेबच नसेल, तर देणाऱ्यास आपण दिले हे कळत नाही, व घेणाऱ्यास आपले किती झाले ह्याची उगाच लाज वाटत राहते.

आम्ही पालकांस व उपदेशकांस सुचवितो की, मूल बिऱ्हाड करण्यास निघाले म्हणजे त्यास चार गोष्टी सांगाव्या. स्थिर आकार व खोलीभाडे सर्वांनी सारखे द्यावे, मग कोणी दहा दिवस गावी गेलेला का असेना. गॅस व टँकर हजर दिवसांप्रमाणे वाटावे, आणि ज्याचा पाहुणा त्याने त्याचे दिवस आपल्या नावे धरावे. मोठ्या उपकरणाचा खर्च वापरणाऱ्याने द्यावा. वही एकाने लिहावी, पण ती सर्वांस उघडी असावी, आणि मीटरचा आकडा महिन्याच्या पहिल्या तारखेस दोघांनी मिळून पाहावा.

खोटे तराजू परमेश्वरास आवडत नाही, हे आपण लहानपणापासून शिकलो आहो. आपल्या मुलांच्या हाती तराजू नाही, मीटर आहे. पण त्याचा काटाही परमेश्वर पाहतो. जो विद्यार्थी आपले पैसे मागण्यापूर्वी पुढे ठेवतो, आणि दुर्बळ सोबत्याचे कमी पडलेले गाजावाजा न करता भरून टाकतो, तो आपल्या प्रभूचे नाव त्या खोलीत मोठे करतो.