जांभ्याखालचे अरण्य

रत्नागिरीच्या परिसरात विहीर खणताना जांभ्याचा थर फोडून खाली उतरलेल्या पहारेस कित्येकदा निळसर चिकणमाती आणि तीत रुतलेले, कोळशाच्या वाटेवर अर्धे पोहोचलेले काळे लाकूड लागते; त्यातील पाने व परागकण, मायोसीन युगात, म्हणजे 50 लक्ष वर्षांहूनही पूर्वी, येथे नांदलेल्या सदाहरित अरण्याची साक्ष देतात. परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी मिळविली या श्रद्धेत वाढलेल्या मला प्रश्न पडतो तो असा, की कोणत्याही खोताच्या दप्तरी वा सनदेत ज्याची नोंद असणे शक्यच नव्हते, त्या अरण्याची फुले कोणाच्या पूजेस वाहिली जात होती?

पुराणांनी ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा मानला; त्याच्या 30 घटका धरल्या तर एका पळात 24 लक्ष वर्षे मावतात, आणि मायोसीनचे ते अवघे युग गेल्या दहा पळांतले ठरते! वेदान्ती ज्यास साक्षी म्हणतात, त्यास पाहण्यासाठी मनुष्याच्या डोळ्यांची गरज नसावी, असे मला मनापासून वाटते. ती फुले उमलली, ओहोळात गळली, गाळात निजली. आणि तेवढ्यानेच ती वाहिली गेली.