न दिलेले वर्ष

समाजवादी नेते मधू लिमये यांच्याविषयी आज कोणी लिहू लागला, की त्याची लेखणी हटकून त्यांच्या साधेपणाकडे वळते. दिल्लीच्या पंडारा रोडवरील लहानसे घर, माजी खासदारांस मिळणाऱ्या निवृत्तिवेतनास दिलेला नकार आणि १९७६ साली तुरुंगातून पाठविलेला लोकसभेचा राजीनामा या साऱ्या गोष्टी एका माळेत ओवल्या जातात, त्या माळेला ‘त्याग’ असे नाव मिळते, आणि वाचक नमस्कार करून मोकळा होतो. या नमस्काराबद्दल माझी तक्रार आहे. निवृत्तिवेतन नाकारणे आणि राजीनामा देणे ही दोन कृत्ये नीतिविचाराच्या दृष्टीने भिन्न कोटींतील आहेत, आणि ती एकाच पारड्यात टाकल्याने त्यांतील एकाचा मोठा अर्थ आपण गमावून बसलो आहोत.

लिमये यांचा जन्म पुण्यातला, १९२२ चा. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० साली त्यांना धुळ्याच्या तुरुंगात धाडण्यात आले. विनोबांनी १९३२ साली गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, तो हाच तुरुंग. पुढे गोवामुक्तीच्या सत्याग्रहात, १९५५ साली, पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ मध्ये ते सुटले. हा मराठी माणूस १९६४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधील मुंगेरहून लोकसभेत गेला, १९६७ मध्ये तेथूनच पुन्हा निवडून आला, १९७१ मध्ये पडला, आणि १९७३ च्या पोटनिवडणुकीत बांका मतदारसंघाने त्याला परत धाडले. कायद्याच्या अक्षरावर त्यांची विलक्षण निष्ठा होती. १९६८ साली त्यांना अटक झाली तेव्हा अटकेची कारणे कळविली गेली नव्हती, आणि एवढ्या एका मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. ही अक्षरनिष्ठा ध्यानात ठेवल्यावाचून पुढचा प्रसंग उमगणार नाही.

पाचवी लोकसभा १९७१ च्या मार्चात अस्तित्वात आली. संविधानाने नेमून दिलेली पाच वर्षांची मुदत १९७६ च्या मार्चात सरत होती. आणीबाणी जारी असताना संसदेला कायदा करून ही मुदत एका वेळी एक वर्षाने वाढविता येते, अशी तरतूद ८३ व्या कलमात आहे, आणि आणीबाणी चालू असल्याने त्या तरतुदीचा आधार घेऊन लोकसभेची मुदत वाढविण्यात आली. लिमये तेव्हा मध्य प्रदेशातील नरसिंहगडच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथून त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा पाठविला. त्याच तुरुंगातील तरुण खासदार शरद यादव यांनीही तसेच केले. लिमये यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे, की त्यांनी पत्नी चंपाताई यांनाही पत्राने कळविले, की दिल्लीतील खासदार म्हणून मिळालेले निवासस्थान विनाविलंब रिकामे करावे. पती कैदेत, त्याच्या सुटकेचा दिवस अनिश्चित, आणि अशा वेळी बाईने सामान बांधून घराच्या किल्ल्या सरकारच्या स्वाधीन करावयाच्या!

पतंजलीने सांगितलेल्या पाच यमांत अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, आणि अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणे, हे दोन स्वतंत्रपणे मोजलेले आहेत. जैन परंपरेत तर न दिलेले घेणे हीच चोरीची व्याख्या आहे. वस्तू कुलपात होती की उघड्यावर पडली होती, घेणारा दरिद्री होता की धनाढ्य, हे प्रश्न तेथे गौण ठरतात. ही कसोटी लोकप्रतिनिधीच्या अधिकारास लावून पाहावी. मतदाराने दिले ते पाच वर्षांसाठी. सहावे वर्ष दिले ते संसदेने, म्हणजे ज्यांना ते घ्यावयाचे होते त्यांनीच. दाता आणि प्रतिग्रहीता एकच झाल्यावर त्या देण्यास दान कसे म्हणावे? कायद्याच्या दृष्टीने ते वर्ष निर्दोष होते हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बांक्याच्या ज्या शेतकऱ्याने मतपत्रिकेवर शिक्का उमटविला, त्याच्या दृष्टीने ते अदत्त होते, आणि लिमये यांनी ते घेतले नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. विरोधी पक्षांचे बहुतेक सदस्य आपल्या जागी राहिले. कसोटीच्या काळी रणांगण सोडणे हा गीतेने तामस ठरविलेला, मोहाने केलेला कर्तव्यत्याग नव्हे काय? आक्षेपाचे बळ मला जाणवते, पण तो येथे लागू पडत नाही. लिमये यांनी लढा सोडला नाही. ते तुरुंगातच राहिले, आणि आणीबाणीविरुद्धची त्यांची भूमिका तसूभरही हलली नाही. त्यांनी सोडली ती केवळ अशी सनद, जिची मुदत संपली होती. १९७७ मध्ये त्याच बांक्याच्या मतदारांनी नवी सनद दिली, तेव्हा ती त्यांनी स्वीकारलीही.

निवृत्तिवेतनाचे तसे नाही. ते कायद्याने दिलेले आहे, घेणाऱ्यावर चोरीचा आरोप येऊ शकत नाही, आणि निर्धन घरातील माणसाने निर्धास्तपणे राजकारणात यावे अशी इच्छा असेल तर त्याच्या म्हातारपणाची तरतूद करणे समाजवादाशी विसंगतही नाही. लिमये यांनी ते नाकारले, आपल्या पश्चात पत्नीनेही घेऊ नये असे सांगितले, कारण लोकप्रतिनिधित्वाचे वतन होऊ नये असे त्यांना वाटे. हा अपरिग्रह झाला, आणि तो ज्याच्या त्याच्या शक्तीवर सोडावा. ज्याला पेलतो त्याने करावा. ज्याला पेलत नाही त्याला हिणवण्याचा अधिकार कोणास नाही.

अस्तेय मात्र शक्तीवर सोडता येत नाही. आपल्याकडे देवस्थानांच्या, शिक्षणसंस्थांच्या, गृहनिर्माण सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर मुदत उलटून गेल्यावरही माणसे सद्भावनेने, सेवेच्या नावाने बसून राहतात, आणि त्यांपैकी कित्येक मधू लिमये यांच्या साधेपणावर भाषणेही करतात. वाचकांपैकी जे अशा पदांवर असतील, त्यांनी संस्थेचे दप्तर काढून आपली मुदत कोणत्या तारखेस संपली ते एकदा पाहावे, आणि ती संपली असेल तर पुढच्या सभेपूर्वी निवडणूक जाहीर करावी.