रात्रीची कळ आणि दोषाचा प्रश्न

तीन ते बारा वर्षांच्या काही मुलांचे पाय रात्री दुखतात. दिवसभर हुंदडलेले मूल जेवून झोपते आणि मध्यरात्री पोटऱ्या किंवा मांड्या धरून रडत उठते. दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते. पाय चेपले, तेल लावून शेकले की ते ओसरते आणि सकाळी मूल पुन्हा धावू लागते. काही दिवस बरे जातात, मग पुन्हा तीच रात्र येते. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच वैद्याने 1823 मध्ये या दुखण्याचा संबंध वाढीशी जोडला. ‘हाडं वाढतायत’ हे घरोघरचे उत्तरही तेच आहे. मात्र मुले सर्वांत झपाट्याने वाढतात त्या वयात हे दुखणे बळावते, असे दिसून आलेले नाही. सांधे सुजत नाहीत, रक्ताच्या तपासणीत काही निघत नाही. वेदना खरी असते, पण तिचे नेमके कारण वैद्यकाला अजून सापडलेले नाही.

कारण सापडले नाही की माणूस दोष शोधू लागतो. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत रडणाऱ्या मुलावरून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली जाते. त्या ओवाळण्यात माया असते आणि त्याने कुणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या प्रश्नाने. दृष्ट लागली तर कुणाची? की कुलदेवतेचे काही करायचे राहून गेले? की हे मागल्या जन्माचे? चार वर्षांच्या पोराच्या पोटरीतली कळ अशी शेजारणीवर, आईवर किंवा खुद्द पोरावर आरोप होऊन बसते.

या प्रश्नामागे जुना आणि गंभीर तत्त्वविचार आहे. जगात एक सुखी आणि एक दुःखी, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय नाही का, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात येतो. ईश्वर फळ देतो ते ज्याच्या-त्याच्या कर्माला धरून, असे त्याचे उत्तर आहे. न्यायसूत्रे तर तान्ह्या बाळाचे भय आणि शोक हाच पूर्वजन्माचा पुरावा मानतात. या उत्तराचे बळ नाकारता येत नाही. त्यात कोणतेही दुःख अकारण राहत नाही आणि जग न्यायाने चालते. पण त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. ज्याची आठवणच नाही त्या कृत्याची शिक्षा भोगणाऱ्याला त्या शिक्षेतून काय उमजणार? शिवाय कर्माची गती गहन आहे, असे गीताच सांगते. हे दुखणे अमुक कर्माचे, असे बोट ठेवून सांगणारा माणूस त्या शास्त्रापेक्षाही जास्त जाणत असल्याचा आव आणतो.

बौद्ध परंपरेत याचा अधिक नेमका विचार सापडतो. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणूस जे काही भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, हे मत खरे का? बुद्ध ते नाकारतात. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही या तिन्हींच्या मिश्रणामुळे. काही ऋतू पालटल्याने, काही शरीराची आबाळ झाल्याने, काही आघाताने होतात. कर्म हे या यादीतले आठवे आणि शेवटचे कारण. सगळे पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतः अनुभवाने कळणाऱ्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टीच्या पलीकडे जातात, असे बुद्धांचे म्हणणे. कर्म मानणाऱ्यानेच त्याला अशी मर्यादा घालावी, ही मोठी गोष्ट आहे.

हा विचार रायगडच्या किनाऱ्याला परका नाही. राजपुरीच्या खाडीकाठी, मांदाडजवळ कुडा येथे बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या ब्राह्मी लेखांत एका लेण्याचा दाता सोमदेव नावाचा वैद्य आहे. त्याचा बापही वैद्य होता. दानलेखात सोमदेवाच्या मुलांची आणि मुलींचीही नावे कोरलेली आहेत. वैद्यकी आणि धर्म तिथे एकाच घरात नांदत होते.

याच किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल ज्यूंच्या धर्मग्रंथात ईयोबाची कथा आहे. दुःख आले त्याअर्थी पाप घडलेच असणार, असे ईयोबाला बजावणाऱ्या मित्रांवर शेवटी देवाचाच राग होतो. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापाचे? येशू म्हणतो, कुणाचेच नाही.

आता प्रश्न उरतो तो ज्ञानाचा. दुसऱ्याची वेदना दिसत नाही. सूज नाही, ताप नाही, तेव्हा मूल नाटक करते, असे म्हणणे सोपे जाते. न्यायदर्शनात आप्ताचे वचन हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन आहे. आप्त म्हणजे ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे भाष्यकार वात्स्यायन लिहितात. वयाची अट तिथे नाही. स्वतःच्या पायातल्या कळेबाबत मुलाहून मोठा आप्त कोण असणार? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा वेदना हा नेहमी व्यक्तीचा स्वतःचा अनुभव असतो आणि तिने सांगितलेल्या वेदनेचा मान राखावा, हे स्पष्ट नोंदवले. म्हणून रात्री मुलाने ‘दुखतंय’ म्हटले की ते खरे धरून पाय चेपावेत. कारण सापडेपर्यंत थांबू नये.

मात्र ‘वाढीचं दुखणं’ हे नावही झाकण ठरू शकते. कळ सतत एकाच पायात असेल, सांधा सुजला असेल, मूल सकाळी लंगडत असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठत असतील, तर संधिवात, हाडातला जंतुसंसर्ग किंवा क्वचित रक्ताचा कर्करोगही त्यामागे असू शकतो. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे नेण्यात एक दिवसही घालवू नये.